परत आलेला कॅरेट

एकशे चौऱ्याण्णव ठिपके.
एक ठिपका म्हणजे एक देश, आणि मधली रेघ म्हणजे
कोणी कोणाला काय विकलं.
रेघ जितकी जाड, तितका सौदा मोठा.
माझ्या लॅपटॉपवर जग असं दिसतं:
पोत्याच्या तोंडून ओढून काढलेला
सुतळीचा गुंता.

जरूडच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये
आंबियाची संत्री पट्ट्यावरून घरंगळत येतात,
बारीक माल बारीक भोकातून खाली,
मोठा पुढे, अजून पुढे.
पंचफुला युवनाते हात न थांबवता विचारते,
"यात आपलं वरूड कुठी हाय वं?"
मी भारताच्या ठिपक्यावर बोट ठेवते.
ती वाकून पाहते.
"एवढ्याशात?"

मग मी तिला मध्यस्थपणा सांगते,
की ठिपका केवढा ते महत्त्वाचं नाही,
कितीजणांच्या वाटा त्याच्यावरून जातात ते मोजायचं.
"म्हंजे बुधवारच्या बजारातली दुर्पता," ती म्हणते.
"तिच्यापाशी सोताचं काईच नाई.
मिरची इकडून घेते, तिकडं देते.
पण थे बिमार पडली
का तीन गावाचं वरण फिकं."
माझ्या गाइडना हेच समजवायला
मला चार आकृत्या लागल्या होत्या.

भारतापासून बांगलादेशापर्यंत एक रेघ होती.
मालाचा संकेतांक शून्य आठ शून्य पाच.
आधी बोटाएवढी.
मग त्यांनी आयातशुल्क वाढवलं, परत वाढवलं,
रेघ काडीएवढी, मग केसाएवढी.
प्रयोग म्हणून मी ती पुसूनच टाकली.
कॉम्प्युटरला तीन सेकंद लागले.
जाळं शाबूत. फरक पडला
दशांशचिन्हानंतर चौथ्या घरात.
मी प्रबंधात लिहिलं: संरचना लवचीक आहे.
त्या वाक्याखाली गाइडनी
हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली.

पट्ट्यावर अठरा बाया असायच्या.
आज सात आहेत.
भंडाऱ्याहून धानाच्या तणसाचा ट्रक यायचा,
फळाखाली अंथरायला; यंदा छोटा हत्ती आला,
तोही अर्धा.
चौथं घर कुठे असतं
हे मी कोणाला विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत पंचफुला मला
कॅरेटांच्या थप्पीमागे घेऊन गेली.
रिकामे कॅरेट तिकडून परत यायचे, ती म्हणाली,
धुतलेले नसायचे.
कधी मासळीचा वास, कधी तुटका कंगवा.
आणि डब्यातून तिनं काढलं
वहीचं एक पान, चारदा घडी घातलेलं.
अक्षरं आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती.
पण उभी रांग,
एकाखाली एक वाढत जाणारे आकडे,
आणि सातव्या ओळीवर खोडाखोड.
"पाढा हाय," ती म्हणाली.
"थ्या पोट्ट्याले बी सातव्यावरच अडते."
तिच्या लेकाला अडायचं, तिथेच.

मी कोष्टकं आठवली.
गेलेल्या संत्र्यांचं वजन आहे, किंमत आहे,
वर्ष आणि महिना आहे.
परतीच्या कॅरेटाला संकेतांक नाही.
त्या रकान्यात शून्य लिहितात,
किंवा काहीच लिहीत नाहीत,
आणि आकडेमोडीत दोन्ही एकच धरतात.

"याची रेघ वढशीन का?"
मी म्हटलं, किती जाड?
तिनं कॅरेटाच्या कोपऱ्यात अडकलेली
तणसाची एक काडी ओढली,
लॅपटॉप उघडायला लावला,
आणि काडी पडद्यावर आडवी धरली,
इकडच्या ठिपक्यावर एक टोक.
दोन ठिपक्यांच्या मानानं काडी लांब निघाली.
दुसरं टोक ठिपक्याच्या पार पुढे,
बंगालच्या उपसागरावरून,
पडद्याच्या चौकटीबाहेर.
"तोडू का?" मी विचारलं.
"ऱ्हाऊ दे न."

भोंगा वाजला. पट्टा सुरू झाला.
ती गेली तेव्हा काडी
माझ्या हातात होती, आणि मला कळेना
फाइल बंद कशी करायची.